सुलेखा कुठे राहते

एप्रिलमधल्या एका गुरुवारी सुलेखा हॉस्पिटलची सकाळची शिफ्ट संपवून तीनच्या सुमारास घरी आली, तेव्हा प्रीता बूट न काढताच स्वयंपाकघरात उभी होती. हातात फोन होता.

"आई, आपण मिशिगनमध्ये राहतो ना?"

"हा काय प्रश्न झाला?"

"राहतो ना पण?"

"पंधरा वर्षं राहतोय. तू तीन वर्षांची होतीस नोव्हायला आलो तेव्हा. का गं?"

प्रीताने फोन पुढे केला. युनिव्हर्सिटीचं ईमेल होतं. ॲडमिशन फेब्रुवारीतच झाली होती, बायोमेडिकल इंजिनिअरिंगला, घरापासून तासाभरावर. त्या दिवशी दोघींनी बाहेर जाऊन थाई खाल्लं होतं आणि सुलेखाने हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत, स्वतःच्या विभागात, पेढे नेले होते. आता आलेलं ईमेल चार ओळींचं होतं. विद्यार्थिनीची फी राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांच्या दराने आकारली जाईल. कारण, पालकांचं कायमचं निवासस्थान टेक्सास.

राज्याबाहेरचा दर म्हणजे जवळजवळ तिप्पट.

सुलेखाला आधी हसूच आलं. "कोणाचं तरी दुसऱ्याचं ईमेल तुला आलंय. फोन करू आपण."

"मी केला," प्रीता म्हणाली. "तासभर होल्डवर होते. दुसऱ्या कोणाचं नाहीये. माझंच आहे."

सुलेखाचा नवरा उल्हास टेक्सासमध्ये राहत होता हे खरं होतं. चार वर्षांपूर्वी त्याने अर्विंगच्या एका कंपनीत नोकरी घेतली. ऑफर स्वीकारून झाल्यावर त्याने सुलेखाला सांगितलं, आणि आपण तिघंही जाणार हे गृहीत धरूनच सांगितलं. सुलेखा म्हणाली, मी येणार नाही. त्याआधीची दोन वर्षं दोघं एका घरात राहून कामापुरतंच बोलत होती, त्यामुळे भांडणही फार झालं नाही. तो गेला. फ्रिस्कोला त्याने मोठं घर घेतलं. विचारणाऱ्याला दोघांचं उत्तर एकच असायचं: जॉबमुळे. गणपतीला तो नोव्हायला यायचा, मंडळात तिच्या शेजारी उभा राहून फोटो काढायचा, आणि तिसऱ्या दिवशी परत जायचा. नागपूरला त्याच्या आईला दर रविवारी तो तिकडून फोन करायचा, ही इकडून करायची. आई म्हणायच्या, तुमच्या कंपन्या अशा कशा गं, संसार मोडायला बसल्यात. सुलेखा म्हणायची, चालायचंच हो आई.

सोमवारी तिने रजा टाकली आणि प्रीताला घेऊन युनिव्हर्सिटीत गेली. रेसिडेन्सीचं, म्हणजे कोण कुठल्या राज्याचं हे ठरवायचं काम बघणाऱ्या बाईंचं नाव मिसेस कोवाल्स्की होतं. साठीच्या, चष्म्याला साखळी लावलेल्या. सुलेखाने सगळे कागद ओळीने मांडले. स्वतःचं मिशिगनचं लायसन्स, घराचं ॲग्रीमेंट, हॉस्पिटलचं पत्र, प्रीताची पहिलीपासूनची शाळेची प्रगतिपुस्तकं.

मिसेस कोवाल्स्कींनी सगळं नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही खोटं सांगताय असं मला अजिबात वाटत नाही. पण तुम्हीच पाठवलेले कागद वेगळं सांगतात." आणि त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला.

टॅक्स रिटर्न होता. नवरा-बायकोचा एकत्र. पत्ता फ्रिस्को, टेक्सास. त्याखाली मिशिगनचा फॉर्म, त्यात उल्हासच्या नावापुढे खूण होती, 'नॉन-रेसिडेंट'. सुलेखाच्या नावापुढेही तीच खूण. मागच्या वर्षी तीच. त्याच्या मागच्या वर्षीही तीच.

"ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"आणि टेक्सासच्या घराची ही नोंद. हे दोघांचं राहतं घर आहे असं लिहून दिलंय, टॅक्समध्ये सवलत मिळण्यासाठी. यावरही दोघांच्या सह्या आहेत."

सुलेखाला ती सही आठवली. हॉस्पिटलच्या कॅफेटेरियात, एका हातात सँडविच, दुसऱ्या हातात फोन. उल्हासचा मेसेज होता, 'जस्ट साइन कर, रूटीन आहे.' तिने अंगठ्यानेच सही केली होती. रक्ताच्या पिशवीवरचं नाव, जन्मतारीख, नंबर दोनदा वाचल्याशिवाय ती पिशवी कोणाच्या हातात देत नसे. वीस वर्षांत तिची एकही चूक झाली नव्हती. आणि आपण कुठे राहतो हे मात्र तिने न वाचताच लिहून दिलं होतं.

"मी त्या घरात आयुष्यात दोनदा गेलेय," ती म्हणाली. "दोनदा. स्वयंपाकघरात चमचे कुठल्या ड्रॉवरमध्ये आहेत ते मला माहीत नाही. इथे मी पंधरा वर्षं बर्फ उपसतेय."

"तुमचा घटस्फोट झालाय का?"

"नाही."

"कायदेशीर सेपरेशन?"

"नाही."

"मग अडचण अशी आहे की लग्न झालेलं जोडपं एका घरात राहतं असं आम्ही धरतो. तुम्ही स्वतःच ते घर टेक्सासमध्ये आहे असं लिहून दिलंय." मग त्या आवाज जरा उतरवून म्हणाल्या, "मला विचारावं लागतंय. तुम्ही वेगळे राहता का? नोकरीपुरते नव्हे. खरोखर वेगळे?"

सुलेखाने प्रीताकडे पाहिलं. प्रीता समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

"येस," प्रीता म्हणाली. "दे आर. फोर इयर्स."

चार वर्षांत हे वाक्य त्यांच्या घरात कोणीही उच्चारलं नव्हतं.

मिसेस कोवाल्स्कींनी तीन गोष्टी कागदावर लिहून दिल्या. टॅक्स रिटर्न दुरुस्त करून भरायचे. नात्याबाहेरच्या एका माणसाने, ही बाई इथे राहते आणि नवरा इथे राहत नाही, असं लिहून द्यायचं. आणि आई-वडील दोघांनी शपथेवर लिहून द्यायचं की आम्ही अमुक तारखेपासून, अमुक कारणाने वेगळे राहतो. नोटरीसमोर. मुदत पंधरा मे.

गाडीत प्रीताने कानात हेडफोन घातले. सुलेखा हायवेवर लागली आणि तिच्या लक्षात आलं की आपण स्टिअरिंग इतकं घट्ट धरलंय की बोटं दुखतायत. राग उल्हासचा होता, स्वतःचा होता, आणि त्या 'धरतो' या शब्दाचाही होता. आम्ही असं धरतो! तिचा पगार इथला, तिची मतदानाची नोंद इथली, दर हिवाळ्यात गॅरेजसमोर मीठ टाकणारी ती. आणि नवरा जिथे घर घेईल तिथे ती राहते असं धरायचं!

घरी येऊन तिने उल्हासला फोन लावला. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. तो नेहमीच शांतपणे ऐकायचा. त्याच्या शांतपणामुळे समोरचा माणूस आपोआप आरडाओरडा करणारा ठरायचा.

"अगं, ते दोन स्टेट्सचे वेगळे फॉर्म भरायची कटकट नको म्हणून केलं तसं," तो म्हणाला. "आणि घराचं म्हणशील तर सगळेच करतात."

"सगळेच म्हणजे कोण? बायको बाराशे मैलांवर असताना ती माझ्या घरात राहते असं कोण लिहून देतं?"

"तू हायपर होऊ नको. सोपं आहे. जास्तीची फी मी भरतो."

"काय?"

"मी भरतो ना. प्रीताचं शिक्षण आहे, मी कधी नाही म्हटलंय का? चार वर्षं भरतो. पण ते स्टेटमेंट वगैरे नको. असं काही लेखी एकदा फाइलमध्ये गेलं की कायमचं राहतं."

"खोटं लेखी फाइलमध्ये गेलं ते चाललं तुला?"

"सुलेखा, इथे मी मंडळाचा सेक्रेटरी आहे यार. आणि आईला कळलं म्हणजे? तिचं वय काय, बीपी काय."

"युनिव्हर्सिटीची फाइल नागपूरला जाते का?"

तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे बघ, तू तेव्हा इथे आली असतीस, तर हा प्रश्नच आला नसता."

सुलेखाने फोन ओट्यावर पालथा ठेवला. तो बोलतच होता. तिने कुकरचं झाकण उचललं आणि सिंकमध्ये आपटलं. मग पुन्हा उचलून आपटलं. आवाजाने प्रीता खाली आली.

"काय झालं? बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, मी पैसे भरतो."

प्रीताने पालथ्या फोनकडे पाहिलं. सहसा ती इंग्रजीतच उत्तरं द्यायची. फार चिडली म्हणजेच मराठीत यायची, समोरच्याला एकही शब्द चुकवता येऊ नये म्हणून. "म्हणजे खोटं बोलायचे पैसे," ती म्हणाली. "माझ्या नावावर."

साक्षीदारासाठी सुलेखा रेखाकाकूंकडे गेली. रेखाकाकू एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली मुंबईहून आलेल्या, हॉस्पिटलांतून भूल देत आयुष्य गेलेलं, आता निवृत्त. चार घरं पलीकडे राहायच्या. प्रीता लहान असताना शाळेतून परस्पर त्यांच्याकडेच जायची. सुलेखाने जाताना काय बोलायचं त्याची मनात तयारी केली होती. कसं सुरू करायचं, किती सांगायचं, कुठे थांबायचं.

"काकू, एक पत्र हवंय. म्हणजे, त्यात जरा खासगी आहे. उल्हास आणि मी…"

"वेगळे राहता," काकू म्हणाल्या. "किती वर्षांचं लिहू? चार ना?"

सुलेखा बघतच राहिली.

"अगं, मला तीन वर्षांपासून माहीत आहे. गणपतीत फोटो काढताना तो तुझ्या शेजारी उभा राहतो ना, गाडीची किल्ली हातात घेऊन. भाड्याच्या गाडीची. माणूस स्वतःच्या घरी आला की किल्ली आधी कुठेतरी टाकतो."

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"तू बोलली नाहीस. मला वाटलं, तुला नकोय."

"अजून कोणाला माहीत आहे?"

काकूंनी हातानेच उत्तर दिलं. सगळ्यांना.

सुलेखाला रडू आलं असतं तर काकूंना बरं वाटलं असतं. पण तिला राग आला, आणि तो इतका आला की ती उभीच राहिली. चार वर्षं! दर गणपतीला ती नऊवारी नेसली, त्याच्या शेजारी उभी राहून हसली, त्याच्या अर्विंगच्या नोकरीचं कौतुक चारचौघांत सांगितलं, आणि ऐकणारे सगळे मान डोलावत होते. कोणालाच काही लपवायची गरज नव्हती, तरी सगळे मिळून लपवत होते.

"बस," काकू म्हणाल्या. "राग आलाय तर बसून कर. मला पेन दे."

त्यांनी एका दमात पान भरून लिहिलं. डॉक्टरी अक्षर होतं, म्हणून मग प्रीताने ते टाइप केलं, आणि काकूंनी दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन नोटरीसमोर सही केली.

टॅक्सचे दुरुस्त फॉर्म मात्र उल्हासशिवाय होणार नव्हते. त्याने अकाउंटंटला सांगायचं कबूल केलं, आठवडाभर काही केलं नाही, मग पुन्हा फी भरण्याचं बोलला. मे उजाडला. तीन तारखेच्या शनिवारी सकाळी सुलेखा आणि प्रीता विमानाने फ्रिस्कोजवळच्या डॅलसला उतरल्या. उल्हासला सुलेखाने विमानात बसल्यावर मेसेज केला होता.

फ्रिस्कोच्या त्या घराच्या दारावर पितळी पाटी होती. उल्हास, सुलेखा, प्रीता. मराठीत, वळणदार अक्षरांत. सुलेखा पाटीकडे बघत असतानाच उल्हासने दार उघडलं. त्याचे केस कडेने पांढरे झाले होते. त्याने चहा टाकला होता, आणि तिघांसाठी इडल्या आणून ठेवल्या होत्या. प्रीता सरळ वर गेली. तिच्यासाठी ठेवलेल्या खोलीत पलंग होता, टेबल होतं, आणि गादीवरचं प्लास्टिक अजून तसंच होतं. ती दोन मिनिटांत खाली आली.

सुलेखाने शपथेवर लिहून द्यायचा फॉर्म टेबलावर ठेवला. "बँक एक वाजता बंद होते. तिथे नोटरी आहे. मी फोन करून विचारलंय."

"आधी खाऊन तर घ्या."

"उल्हास."

त्याने फॉर्म ओढून घेतला आणि चष्मा लावून वाचला. बराच वेळ वाचला. मग पेन काढून कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि कागद तिच्याकडे सरकवला. या वेळी सुलेखाने प्रत्येक शब्द वाचला. त्याने लिहिलं होतं, 'नोकरीनिमित्त तात्पुरतं वेगळं वास्तव्य.'

"हे नाही चालणार," ती म्हणाली.

"का? खोटं आहे का?"

"तात्पुरतं म्हणजे आपलं घर एकच आहे, असा अर्थ होतो. म्हणजे हेच घर. म्हणजे पुन्हा तेच उत्तर येणार. आणि हे तुला कळतंय. तुला सगळे फॉर्म कळतात."

"मी जेवढं लिहू शकतो तेवढं लिहिलंय."

"तू काय लिहू शकत नाहीस ते सांग."

"तू ओरडू नकोस."

"मी ओरडणार!" सुलेखा म्हणाली. "आज मी ओरडणार. चार वर्षं मी ओरडले नाही म्हणून तुला वाटलं, चाललंय. तू नोकरी घेतलीस, मला विचारलं नाहीस. घर घेतलंस, मला विचारलं नाहीस. मी या घरात राहते असं सरकारला सांगितलंस, तेही मला विचारलं नाहीस. माझ्या नावाची पाटी लावलीस दारावर! मी मेल्यावर पण तू लोकांना सांगशील, ती जॉबमुळे येऊ शकली नाही."

उल्हासने प्रीताकडे पाहिलं. मुलीसमोर हे नको, असा त्याचा चेहरा होता.

प्रीता खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली. "बाबा, त्यात तारीख पण हवीय. ती तुम्ही भरली नाही."

"कसली तारीख?"

"तुम्ही गेलात ती."

"ऑगस्टमध्ये कधीतरी… दोन हजार एकवीस. अठरा-वीसच्या सुमारास असेल."

"अकरा ऑगस्ट," प्रीता म्हणाली. "बुधवार होता. माझ्या दातांना ब्रेसेस लावल्या त्या दिवशी. तुम्ही म्हणाला होतात, शुक्रवारी येतो, दाखव मला. मी शुक्रवारी आइस्क्रीम आणून ठेवलं, कारण दुसरं काही खाता येत नव्हतं. तुम्ही महिन्याने आलात, गणपतीला. मी कोणाला काही विचारलं नाही. आई म्हणायची जॉब, तुम्ही म्हणायचात जॉब. मी चौदा वर्षांची होते, चारची नाही."

इडल्यांवर वाफेचं पाणी सुटलं होतं.

"मला तुमचे जास्तीचे पैसे नकोत," प्रीता म्हणाली. "तुम्ही भरलेत तर मी चार वर्षं त्या कॉलेजात टेक्सासची मुलगी म्हणून बसणार. मी टेक्सासची नाहीये. मी इथे कधी एक रात्र झोपले नाही. ती गादी बघा वर जाऊन."

उल्हासने चष्मा काढला. डोळे चोळले. मग पुन्हा चष्मा लावून त्याने कारणाच्या रकान्यातली ओळ एका रेघेने खोडली, रेघेशेजारी आपली आद्याक्षरं लिहिली, आणि विचारलं, "काय लिहू?"

"जे आहे ते," सुलेखा म्हणाली.

त्याने लिहिलं. 'अकरा ऑगस्ट दोन हजार एकवीसपासून आम्ही पती-पत्नी म्हणून एकत्र राहत नाही. मुलगी आईकडे मिशिगनमध्ये राहते.' त्याचं अक्षर नेहमीसारखं सरळ होतं. पेन ठेवताना मात्र त्याचा हात टेबलाच्या कडेला लागला आणि कप हिंदकळला. सुलेखाने पटकन कागद उचलला. तिला त्याची दया आली नाही. येईल असं तिला वाटलं होतं.

पावणेबाराला तिघं बँकेत होती. नोटरी एक तरुण पोरगी होती. तिने दोघांची ओळखपत्रं पाहिली, पती-पत्नीला शेजारी शेजारी उभं राहून सह्या करताना पाहिलं, शिक्का मारला आणि सवयीने म्हणाली, "काँग्रॅच्युलेशन्स, तुमचं काम झालं."

टॅक्सच्या दुरुस्तीवरही उल्हासने त्याच दिवशी सही केली. विमानतळावर त्याने सोडलं. प्रीताला जवळ घेतलं, तिने घेऊ दिलं.

आत गेटपाशी बसल्यावर सुलेखाला चार वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटत होतं. ती म्हणाली, "तू होतीस म्हणून झालं गं आज. मी एकटी असते तर नुसतं भांडून परत आले असते."

प्रीता बोर्डिंग पासाची घडी घालत राहिली.

"काय झालं?"

"तू पण होतीस ना फोटोत," प्रीता म्हणाली. मराठीत.

"म्हणजे?"

"म्हणजे तू आता बाबांवर ओरडलीस. छान. पण दर गणपतीला हसायचं कोण? आजीला रविवारी फोनवर, बाबांचं प्रोजेक्ट चाललंय, हे कोण सांगायचं? मला कोण म्हणायचं, बाबांना वीकेंडला सुट्टी नाही? बाबा तर इथे होते. माझ्याशी रोज खोटं तू बोलायचीस, आई."

"मी तुझ्यासाठी…"

"माझ्यासाठी म्हणू नको. प्लीज. फीसाठी खरं बोललात तुम्ही. फी नसती तर अजून बोलला नसतात."

आजूबाजूच्या दोघा-तिघांनी मान वळवली. सुलेखाला संताप आला. इतकं करून, विमानाने येऊन, नवऱ्याच्या समोर उभं राहून, वर हे! ती काहीतरी बोलणार होती. पण मुलगी म्हणत होती त्यातलं एकही वाक्य खोडता येत नव्हतं.

डेट्रॉइटला उतरेपर्यंत प्रीताने कानातले हेडफोन काढले नाहीत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निकाल आला. अपील मान्य. विद्यार्थिनी मिशिगनची रहिवासी. मिसेस कोवाल्स्कींनी वेगळा फोन करून सांगितलं, नियमात बसत नसताना केला तो फोन. सुलेखाने आभार मानले. फोन ठेवल्यावर तिने निकालाचं पत्र पुन्हा उघडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. 'आईचं निवासस्थान: नोव्हाय, मिशिगन.' एवढी एक ओळ मिळवायला तिला दोन महिने लागले होते. तिला आनंद झाला, पण आनंदाखाली तो राग तसाच होता.

त्याच संध्याकाळी उल्हासचा फोन आला. अभिनंदन वगैरे झालं. मग म्हणाला, "आता काम झालंय, तर हा विषय इथेच ठेवू. विनाकारण अजून कोणाला सांगायला नको. आईला तर नकोच."

"बरं झालं आठवण केलीस," सुलेखा म्हणाली आणि फोन ठेवला.

नागपूरला तेव्हा सकाळ झालेली होती. प्रीता सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. सुलेखा तिच्यासमोरच बसली आणि तिने सासूबाईंना फोन लावला.

"आई, प्रीताचं कॉलेजचं नक्की झालं. इथल्याच फीमध्ये."

"वा! देव पावला. उल्हासला कळवलंस?"

"हो. आई, अजून एक सांगायचंय. उल्हास आणि मी वेगळे राहतो. नोकरीमुळे नाही. चार वर्षं झाली. आम्ही परत एकत्र राहणार नाही."

प्रीताची बोटं लॅपटॉपवर थांबली.

पलीकडे मागे कुठेतरी कोणीतरी बादली भरत होतं. मग सासूबाईंचा आवाज आला, वेगळाच, चढलेला. "आणि हे तू मला आज सांगतेस? चार वर्षं मी इथे उपास करतेय तुमच्या दोघांची एका गावी बदली व्हावी म्हणून. दर सोमवारी! चार वर्षं तू मला रविवारी फोन करतेस आणि विचारतेस, आई, काय जेवलात? अगं, तुझा रविवार म्हणजे इथे सोमवार उजाडलेला, मी काय जेवणार सोमवारी?"

"चुकलं, आई."

"त्याचं मी बघते. तो माझा मुलगा आहे. पण तू? तू तरी सांगायचंस. मी म्हातारी आहे म्हणजे मूर्ख आहे का?"

सुलेखा ऐकत राहिली. तिने कारण सांगितलं नाही, बीपीचं बोलली नाही, उल्हासचं नावही पुढे केलं नाही. "मी खोटं बोलले तुमच्याशी," ती म्हणाली. "तुमचा राग बरोबर आहे."

सासूबाईंनी फोन ठेवून दिला.

प्रीताने लॅपटॉप मिटला. आईकडे पाहिलं, उठून स्वयंपाकघरात गेली, आणि काही न विचारता कणीक मळायला घेतली. पाणी जास्त झालं होतं. सुलेखा तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि परातीत वरून पीठ टाकत गेली.